दाढ दुखली म्हणून

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात जळकोटच्या कोंडाबाईची दाढ ठणकू लागली. ठणकायची तीही टँकरवरून घागर आणतानाच. घरी येऊन टेकलं की बंद.

"उपटूनच टाकते एकदाची," म्हणत तिनं नवऱ्याला, नरसिंगला, सोबत घेतलं आणि उदगीरची एसटी धरली. गाडीत उदगीर जिल्हा होणार की नाही यावर जोरात वाद चालला होता. नरसिंग त्यात असा रंगला की उतरायचंच विसरत होता.

दातांच्या डॉक्टर चंद्रप्रभाबाईंनी दाढ ठोकून पाहिली. "दाढ तर पक्की आहे. दुखते कधी?"

"घागर उचलली की जबडा धरतो. दम बी लागतो."

बाईंनी चिमटा खाली ठेवला. "मी काही उपटत नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. आजच."

"दाढंसाठी आले अन् काळजाकडं धाडून राहिल्या!" कोंडाबाई हसली, पण गेली.

हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, "पाळी कधी बंद झाली?"

नरसिंग एकदम वरचा पंखा न्याहाळू लागला.

"चाळिशीच्या आधीच. लई बरं वाटलं बघा, कटकट मिटली."

"कटकट मिटली, पण पाळी इतक्या लवकर गेली की हृदयाचा धोका वाढतो. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पण बीपी, साखर तेव्हापासूनच तपासायला हवी होती."

"कुणी सांगितलंच न्हाई की."

त्यांनी लातूरला पाठवलं. तिथल्या तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. ती उघडी ठेवणारी जाळी, स्टेंट, बसवायला आत नेताना कोंडाबाईचं हसू गेलं. तिनं नरसिंगचा हात घट्ट धरला. "माघारी येते न्हवं मी?"

"हाव. तवर मी भाकरी शिकतो."

स्टेंट बसला. ती घरी आली तेव्हा नरसिंगच्या भाकरी कडेनं फाटत होत्या, पण पोटाला चालत होत्या.

थोडं बरं वाटताच कोंडाबाईनं थोरल्या जावेला, सरजाबाईला, ओट्यावरूनच हाक मारली, "अक्का, तुमची बी पाळी लवकरच गेली न्हवं?"

"अगं हळू! मामंजी बसलेत!"

"बसू द्या. उद्या बीपी तपासायला चला."

सरजाबाई कुरकुरत गेली. बीपी वाढलेलंच निघालं. गोळी सुरू झाली, लोणचं बंद झालं आणि आठवडाभर ती जावेशी बोलली नाही.