संध्याकाळची पानं

चिमट्यात धरलेलं पान तिनं आयोडीनच्या बशीत सोडलं आणि श्वास रोखला. शेजारच्या बशीत साध्या रोपाचं पान होतं. दोन्ही गरम स्पिरिटमध्ये रंग घालवून आलेली, पांढरीफटक.

मागे सर उभे होते. सर प्रयोगशाळेत आले की काहीतरी बंद होणार, असा सगळ्यांचा अनुभव.

"शनिवारी तुझ्या रोपांचा हा कप्पा रिकामा करायचाय. तीन वर्षं म्हणजे पुष्कळ झाली."

"एवढं एकदा बघू द्या, सर."

गोष्ट तशी सोपी होती. पेशीतल्या हिरव्या कणांत दिवसभर साखर तयार होते आणि फॉस्फेटला धरून एका प्रथिनाच्या दारातून बाहेर पडते. दार भलतं हिशेबी. एक बाहेर सोडलं की बदल्यात एक सुटं फॉस्फेट आत घेणार, नाहीतर ढिम्म हलणार नाही. तिच्या रोपांत जनुक बिघडवून हे दारच काढून टाकलेलं होतं. मग साखर आत अडकायला हवी, तिचा स्टार्च साचायला हवा, आयोडीनमध्ये पान काळंकुट्ट व्हायला हवं. पण मेली रोपं मजेत वाढत होती आणि पानं कायम फिकी!

पानं ती सकाळी तोडायची. संध्याकाळी पाळणाघर बंद व्हायच्या आत ठमीला आणायला पळावं लागे. एवढा साठा एका रात्रीत कुठे संपतोय, असं तिनं धरूनच टाकलं होतं. परवा सकाळी मात्र बिस्किटांचा भरलेला डबा रिकामा सापडला, ठमीच्या उशीवर चुरा दिसला, आणि तिनं कपाळाला हात लावला. आज पहिल्यांदाच ठमीला आणायचं काम सासूबाईंवर टाकून ती संध्याकाळी पानं तोडायला थांबली होती, तेही दहादा माफी मागून.

साधं पान तपकिरी झालं. दुसरं कडेपासून काळं पडत गेलं, पार देठापर्यंत.

सर वाकून बघत राहिले, मग खो खो हसले.

"अगं, रात्रभर जेवून उठलेल्यांची ताटं आपण सकाळी तपासत होतो, आणि वर म्हणत होतो, वाढलंच नव्हतं! दिवसा दार नाही, तर रात्री साठा फोडून दुसऱ्या वाटेनं बाहेर काढतात. लबाड आहेत."

"मग शनिवारी...?"

"कसला शनिवार! सगळं पुन्हा करायचं. रोज, संध्याकाळी."

तिचा जीव भांड्यात पडला. किती छान वाटलं तिला, अगदी उडी मारावीशी. मग 'रोज' हा शब्द डोक्यात शिरला आणि तिनं मुकाट्यानं घरी फोन लावला.

"आई, ठमी जेवली?"

"चाटूनपुसून. तुझं पान काळं झालं का गं?"

"झालं! पण आई, आता काही महिने रोज उशीर होणार. मी पाळणाघरात विचारते, तासभर जास्त ठेवतात का. तुम्हाला उगाच त्रास नको."

पलीकडे ठमी खिदळत होती.

"मला इथे येऊन वर्ष होत आलं," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, पोर माझ्या हाती द्यायला तुझं मन धजत नाही."

"आई, अहो, नाही हो... तुमचे गुडघे दुखतात म्हणून मी..."

"गुडघे बसूनही दुखतातच. उद्या किती वाजता आणू तिला, तेवढं सांग."