बयाबाईंचे डबे

अनसूया लोकांची घरं लावून द्यायची. पसारा उपसायचा, टाकायचं ते टाकायचं आणि उरलेल्या प्रत्येक वस्तूला जागा नेमून द्यायची, हा तिचा धंदा. ब्याण्णव साली तिनं तो सुरू केला तेव्हा अख्खं उंब्रज पोट धरून हसलं होतं. चार वर्षांत कराड झालं, सातारा झालं आणि आता थेट सांगलीहून हळदीचे व्यापारी नानासो यांचं बोलावणं आलं. एसटीत ती अशी ताठ मानेनं बसली, जणू गाडी तिच्यासाठीच सोडली होती.

घरांनी तिला काय काय दाखवलं होतं. पिठाच्या डब्यात लपवलेलं मंगळसूत्र, एका हेडमास्तरांच्या कपाटात सतरा छत्र्या. आता कुठलंच घर आपल्याला चकवणार नाही, असं तिला वाटायचं.

नानासोंची बायको शाळेत मास्तरीण. त्यामुळे स्वयंपाकघर होतं नानासोंच्या आईचं, बयाबाईंचं. फळीवर लहानमोठे, पोचे आलेले डबे कसेही उभे होते.

“आईला आता झेपत न्हाई,” नानासो म्हणाले. “तुमी लावून बगा. तरी जमलं न्हाई, तर सैपाकाला बाई ठेवतो.”

बयाबाईंनी पदर घट्ट खोचला.

अनसूयेनं दिवसभर राबून डबे उंचीप्रमाणे लावले. मोठे एका टोकाला, लहान दुसऱ्या. डबे आहेरातले, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव ठोकून कोरलेलं. त्या नावांनी रांग गिचमिड दिसत होती, म्हणून तिनं झाडून सगळी नावं भिंतीकडं फिरवली. फळी अशी लखलखली, की तिची तिलाच दृष्ट काढावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयाबाईंनी केलेला चहा खारट निघाला. नानासोंनी कप खाली ठेवला. “बगितलंसा? आज बाई ठरवूनच येतो,” असं म्हणून ते पेठेत गेले.

बयाबाई आत गेल्या. मागोमाग गेलेली अनसूया दारातच थबकली. म्हातारी डब्यांच्या गुळगुळीत अंगावरून बोटं फिरवत काहीतरी शोधत होती.

“काकी, तुमाला दिसत न्हाई?”

“सावल्या दिसत्यात. दोन वर्सं झाली. कळलं तर खाटंवर बशिवतील मला.” बयाबाईंचा आवाज करारी होता. “नावाच्या तीन वळी बोटाला लागल्या की माझा भाऊ आकाराम. त्यात साकर. एकच वळ म्हंजे नणंद, त्यात मीठ. तू समद्यांची तोंडंच फिरवलीस की गं.”

अनसूयेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांवाचून दोन वर्षं घर चालवलेल्या बाईला आपण टापटीप शिकवायला आलो होतो! तिनं सगळे डबे खाली काढले. बयाबाई सांगत गेल्या आणि ती लावत गेली. पोचे आलेले, वेडेवाकडे, जसे होते तसे. शिकाऊ पोरीसारखी ती चुकत होती आणि बोलणी खात होती. आयुष्यात इतकं चोख लावलेलं घर तिनं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी नानासो परतले आणि फळीकडं बघतच राहिले. “ह्ये तर पयल्यासारकंच हाय.”

“व्हय. पयलं बरूबर हुतं,” अनसूया म्हणाली. “सकाळचा च्या माझ्यामुळं खारट झाला. चूक माझी हाय, काकींची न्हाई.” ही गोष्ट उंब्रजपर्यंत पोचणार, हे तिला ठाऊक होतं. पोचू दे. बयाबाईंचं गुपित तिनं सांगितलं नाही.

तेवढ्यात बयाबाईच कपबशी घेऊन बाहेर आल्या. बशीत थेंबही सांडला नव्हता.

“नाना, मला दिसत न्हाई,” त्या म्हणाल्या. “दोन वर्सं तू आंधळीच्या हातचं खातुयास. डागतरला दावायचं तर दाव. पर आदी च्या कसा झालाय त्ये सांग.”

नानासो खाली बसले. त्यांनी चहा सावकाश संपवला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

“आणिक अर्दा कप दे, आई.”

बयाबाई आत गेल्या.