चुनेवाल्यांच्या गॅलरीचा तिसरा खांब

मित्रांनो, माझ्यावर बसणारा माणूस समोरचे मैदान पाहतो. आपल्या पायांखाली काय आहे हे पाहण्याची त्याला गरज वाटत नाही, आणि ती वाटू न देणे हेच माझे काम. मी एक जुनी लोखंडी गॅलरी आहे. मेक्सिकोच्या डोंगरांत सोयातेपेक नावाचे चुनाभट्ट्यांचे गाव आहे. तेथील फुटबॉल संघाला सगळे 'चुनेवाले' म्हणतात. व्यावसायिक फुटबॉलच्या अगदी तळच्या विभागात खेळणारा हा संघ, आणि त्याच्या मैदानाकडेला उभी असलेली मी.

माझा जन्म एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या नळांपासून झाला. अबुंदियो नावाच्या लोहाराने ते नळ कापले, सांधले आणि उभे केले. मागच्या बाजूला पोकळ नळाचे चार उंच खांब, त्यांवरून उतरत आलेल्या तिरक्या तुळया आणि तुळयांवर सात पायऱ्या, अशी माझी रचना. अबुंदियो घाई करीत नसे. प्रत्येक जोड पुरा झाला की तो त्यावर हातोडी मारून कान लावी. आवाज खणखणीत आला तरच पुढच्या जोडाला हात घाली. माझे सारे अंग त्याने असे ऐकून घेतले होते. तो गेल्यानंतर मला कोणी ऐकले नाही. मला रंगवले मात्र दरवर्षी.

त्याचे कारण गावाचा एक रिवाज. सोयातेपेकमध्ये प्रत्येक गोष्टीला धर्मपिता लागतो. बाळाच्या बाप्तिस्म्याला लागतो, लग्नातल्या केकला लागतो, तसाच संघाच्या नव्या चेंडूला आणि गोलाच्या जाळीलाही लागतो. तो खर्च उचलतो आणि वर्षभर त्याचे नाव मानाने घेतले जाते. हंगाम सुरू होण्यापूर्वी, जुलैत, सारा गाव श्रमदानाला मैदानावर जमे आणि त्या वर्षीच्या 'रंगाच्या धर्मपित्या'ने दिलेला पांढरा व निळा रंग माझ्यावर चढे. जुन्या रंगावर नवा, त्यावर आणखी नवा. खरवडण्याचा धर्मपिता व्हायला कोणी पुढे आले नाही. खरवडलेले लोखंड दिसायला वाईट, आणि त्यावर नाव तरी कोठे लिहिणार? मलाही ताजा रंग आवडे, हे नाकारत नाही. त्याच्या थराखाली माझ्या तिसऱ्या खांबात काय चालले आहे ते मला जाणवत होते. पण गॅलरीला बोलता येत नाही, तिला फक्त वाजता येते.

ज्या हंगामाची ही हकिकत आहे, त्या हंगामात संघ जिंकू लागला. हीच अडचण झाली.

हरणाऱ्या संघाची गॅलरी सुखी असते. खालच्या पायऱ्यांवर चार म्हातारे बसतात, जांभया देतात आणि निघून जातात. पण त्या वर्षी ऑगस्टच्या पावसात चुनेवाल्यांनी पहिला सामना जिंकला, सप्टेंबरच्या धुक्यात पुढचे जिंकले, आणि प्रत्येक विजयानंतर माझी एकेक पायरी भरत गेली. सर्वांत वर, तिसऱ्या खांबाच्या नेमके डोक्यावर, क्रिसोफोरोचा मोठा ढोल असे. क्रिसोफोरो भट्टीवर दगड भरणारा रुंद छातीचा माणूस. तो ढोल वाजवी तसा गाव उड्या मारी. उभ्या राहिलेल्या माणसांचे वजन मी सहज पेलते. शेकडो माणसे एकाच ठोक्यावर उडून एकाच ठोक्यावर खाली येतात, तेव्हा ते वजन राहत नाही, तो घाव होतो.

क्रिसोफोरोची बायको एउलालिया, जिला गाव मानाने 'दोन्या' म्हणजे 'बाई' म्हणे, माझ्या सावलीत, तिसऱ्या खांबाला लागूनच, त्लाकोयोंचा तवा मांडी. मक्याच्या पिठाच्या लांबट भाकऱ्या, पोटात घेवडा आणि वरून किसलेले पांढरे चीज. सामना सुरू असताना तिने मैदान कधी पाहिले नाही. तिला दिसे ते माझे पोट. ऑक्टोबरात एके दिवशी तिने चीजचे ताट नवऱ्यासमोर धरले.

"म्हाताऱ्या, तुम्ही वर उडता तेव्हा माझ्या चीजवर लाल पडतं."

"मग मिरची जरा जपून घाल, म्हातारे."

"मिरची जिभेला लागते. हे दाताखाली करकरतं."

"तुझे त्लाकोयो पहिल्यापासून करकरतात. तरी मी लग्न केलंच ना?"

आसपासचे लोक हसले, तीही हसली. त्यानंतर तिने ताटावर फडके टाकायला सुरुवात केली. डिसेंबरपर्यंत फडके तांबूस झाले. मार्चमध्ये संघ बाद फेरीत पोहोचला, तेव्हा त्या फडक्यावर रंगाच्या जाड खपल्या पडू लागल्या. त्यांची एक बाजू पांढरी आणि दुसरी गंजाने माखलेली असे. मग एका सामन्यात, गोल झाल्यावर वर जो दणका झाला, त्यात एक नट सुटून तिच्या घेवड्याच्या भांड्यात पडला.

तो तिने पुसून एप्रनच्या खिशात घातला आणि संघाचे अध्यक्ष बेरूमेन यांच्याकडे नेला. ते वकील होते. माणूस वाईट नव्हता. परगावच्या तीन खेळाडूंना त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले होते आणि त्यांचे मोजे स्वतः वाळत घालताना लोकांनी त्यांना पाहिले होते.

"हे काय आणलंत, दोन्या एउलालिया?"

"तुमच्या गॅलरीनं माझ्या भांड्यात टाकलं. वकीलसाहेब, मला यातलं कळत नाही. पण ती आता वेगळी वाजते."

बेरूमेन यांनी नट बोटांत फिरवून तिला परत दिला. "लीगला कळवलं तर तपासणी येईल, आणि शेवटचा सामना परगावी जाईल. या पोरांनी वर्षभर चिखल खाल्ला. वर चढायची संधी आलीय, ती परक्या मैदानावर खेळायची?"

"आणि नाही कळवलं तर?"

"नवा नट बसवतो. अन् रंगाचा आणखी एक हात देऊ, माझ्या नावानं. झालं समाधान?"

ते शब्दाला जागले. नवा नट आला. बोल्टच्या जुन्या, झिजलेल्या आट्यांवर तो नुसता फिरत राहिला, आवळला गेलाच नाही. त्यावर रंग बसला आणि तो घट्ट दिसू लागला.

शेवटचा सामना सान बार्तोलोशी होता. जिंकणारा वरच्या विभागात जाणार होता. त्या दुपारी ढग खाली उतरले होते, वारा पडला होता आणि भट्ट्यांचा धूर मैदानावरच साचून राहिला होता. माझ्या सातही पायऱ्या खचाखच भरल्या. जिन्यातही माणसे बसली. मुले मांडीवर होती, आज्या शालीत होत्या. पूर्वार्धात दोन्ही बाजूंचा एकेक गोल झाला. माझ्या आत खणखणीत आवाज उरला नव्हता. प्रत्येक दणक्यासरशी तिसऱ्या खांबातून बद्द असे काहीतरी उत्तर येई, आणि ते ऐकणारी एकच व्यक्ती खाली तव्यापाशी उभी होती.

उत्तरार्धात क्रिसोफोरोने ती आरोळी उचलली. तिची वाट सगळेच पाहत होते.

"जो उडणार नाही, तो सान बार्तोलोचा."

गाव उडू लागला. खाली एउलालियाच्या तव्यावर खपल्यांचा पाऊस पडला. तिने विस्तव विझवला, एप्रनच्या खिशातला तो जुना नट मुठीत धरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्या पायऱ्या चढून वर आली. लोक उड्या मारत होते आणि त्यांच्यामधून ती एकटी पाय घट्ट रोवत चालली होती.

"अरे, दोन्या उडत नाहीत. सान बार्तोलोच्या निघाल्या," कोणी म्हणाले.

तिने ढोलाच्या कातड्यावर दोन्ही हात ठेवले. ठोका बसला तो तिच्या बोटांवर.

"वेडी झालीस? हात काढ."

"म्हाताऱ्या, एकदा थांब आणि हा कठडा धर. नुसता धर."

त्याने चिडून कठड्यावर तळवा ठेवला. ढोल थांबला होता, तरी गाव अजून उडत होता. लोक खाली यायचे, आणि त्यानंतर क्षणभराने मी खाली यायची. आयुष्यभर ठोका जपणाऱ्या माणसाला तो एक चुकलेला ठोका पुरेसा होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. ओरडावे तर चेंगराचेंगरी होईल. त्याने ढोलाचा पट्टा खांद्यावर घेतला, अगदी हळू, चालण्याचा ताल धरला आणि तो पायऱ्या उतरू लागला.

सोयातेपेकमध्ये ढोल जातो तिकडे गाव जातो. मिरवणुकीत जातो, अंत्ययात्रेत जातो. आधी वरची पायरी रिकामी झाली, मग तिच्या खालची. लोक विचारत होते, "कुठे निघालाय हा?" आणि विचारता विचारता मागून चालत होते. सारे मैदानाच्या कडेला, थेट चुन्याच्या रेघेवर येऊन उभे राहिले. पंचांनी खेळ थांबवला आणि लोकांना गॅलरीत परत जायला सांगितले. क्रिसोफोरो जिन्याच्या तोंडाशी ढोल आडवा टाकून त्यावर बसला.

"उठ, क्रिसोफोरो," बेरूमेन दबक्या आवाजात म्हणाले. "सामना जाईल."

"जाऊ दे."

"का, ते तरी सांग."

"सांगता येत नाही, साहेब. हाताला कळलंय."

पंचांनी वाट पाहिली, घड्याळ पाहिले, आणि शेवटी नियमाप्रमाणे सामना पाहुण्यांना देऊन टाकला. मी मात्र पडले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी पांढरीशुभ्र उभी राहिले, आणि माझे हे उभे राहणेच त्या दोघांच्या विरुद्ध साक्ष ठरले. खेळाडू सामान बांधून आपापल्या गावी गेले. बाजारात एउलालियाचा तवा थंड राहू लागला. क्रिसोफोरोला लोक 'सान बार्तोलोचा ढोलकीवाला' म्हणू लागले.

जुलैत गाव पुन्हा श्रमदानाला जमला. रंगाचे डबे उघडले होते. एउलालिया खरवडणी घेऊन आली, तेव्हा सगळे तोंड फिरवून उभे राहिले. बेरूमेन पुढे झाले.

"द्या इकडे. सगळ्यांसमोर एकदा दाखवतो, म्हणजे हा विषय मिटेल."

ते गुडघ्यावर बसले आणि तिसऱ्या खांबाच्या बुडाशी त्यांनी खरवडणी लावली. रंगाचा जाड पापुद्रा सालीसारखा सुटला. त्यांनी जरा जोर दिला. खरवडणी आत गेली, मुठीपर्यंत गेली, आणि तिचे टोक खांबाच्या पलीकडून बाहेर आले. आत लोखंड नव्हतेच. ओला लाल भुगा होता, आणि वर्षानुवर्षांच्या धर्मपित्यांनी दिलेला रंग होता. मी त्या रंगावर उभी होते.

लोक वर, सातव्या पायरीकडे पाहत होते. कोण कोठे बसले होते ते प्रत्येकाला आठवत होते. "तिथं माझी आई होती," एक बाई एवढेच म्हणाली. एउलालिया मात्र खांबाच्या बुडाशी असलेल्या ओल्या खळग्याकडे पाहत होती. दर सामन्यानंतर भांडी विसळून खारट पाण्याची बादली ती तेथेच ओतत आली होती.

बेरूमेन उठले. त्यांनी रंगाच्या डब्याचे झाकण परत लावले.

"रंगाला धर्मपिते पुष्कळ मिळतील," एउलालिया म्हणाली. "खरवडायची धर्ममाता मी होईन. इथं खारं पाणी मीच ओतलंय."

माझ्या वरच्या पायऱ्या कापून काढल्या. आता जमिनीलगतच्या तीनच उरल्या आहेत. चुनेवाले अजून तळच्याच विभागात खेळतात. हंगामापूर्वी गाव मला आधी खरवडतो, मग हातोडीने वाजवून पाहतो. तो आवाज ऐकायला क्रिसोफोरोला बोलावतात.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखे कोणी उभे असेल. एखादा पूल, पाण्याची टाकी, शाळेचा जिना. त्याच्यावर तुमचे प्रेम असेल तर रंगाचा डबा नंतर उघडा. आधी खाली वाका, बुडाशी अंगठा दाबून पाहा, आणि ते काय उत्तर देते ते ऐका. आम्ही पडेपर्यंत उभेच दिसतो.