हातभर बांध

पाणी सोडलं घड्याळानं, आणि बुडाली ती धाकली.

घड्याळ म्हणजे धाकलीचा नवरा. कालव्याच्या पाण्याची पाळी दर दहा दिवसांनी यायची, आणि वीस वर्षांत या माणसानं एकही पाळी चुकवली नव्हती. अंगात ताप असो नाहीतर घरात पाहुणा असो, ठरल्या वेळी खांद्यावर फावडं टाकून गडी कालव्यावर हजर. म्हणून गावानं त्याला घड्याळ म्हणायला सुरुवात केली, आणि पुढं पुढं त्याचं खरं नाव त्याच्या सासूलासुद्धा आठवेना.

त्या सकाळीही त्याचे पाय आपोआप कालव्याकडं वळले. हातांनी पाट फोडला, पाणी घेतलं. डोक्याला कुणी विचारलंच नाही. वीस वर्षांची सवय म्हणजे चाकोरीतला बैल, मालक झोपला तरी गाडी घरी आणतो. फरक एवढाच, की पाणी चाललं होतं घरापुढच्या तुकड्यात, आणि त्या तुकड्यात पाच दिवसांनी लेकीच्या लग्नाचा मांडव पडायचा होता.

पंधरा दिवस धाकलीनं तो तुकडा लेकरासारखा सांभाळला होता. पीक निघाल्यावर हातानं धसकटं वेचली, ढेकळं फोडली, जमीन चोपून चोपून सारखी केली. त्या सकाळी ती गावात शेवटच्या दहा घरांना आवतण द्यायला गेली होती. परत आली तर दारात आभाळ उतरलेलं. सगळा तुकडा लख्ख चमकत होता, आणि त्यात एक बगळा उभा होता, पहिला वऱ्हाडी आल्यासारखा.

घड्याळ फावडं धूत होता.

"हे काय केलंत?" धाकलीनं विचारलं.

"पाळी होती."

"लग्न होतं," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली.

फावडं त्याच्या हातातच राहिलं. तो पाण्याकडं बघत राहिला आणि बघता बघता त्याचं तोंड उतरलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर चार शिव्या हासडून तिचं मन मोकळं तरी झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मांडववाला आला. त्यानं बांबूची काठी जमिनीत खुपसली तर ती कोपरापर्यंत आत गेली, आणि काढताना त्याचा एक जोडाही आतच राहिला. काळी माती ती. पाणी प्यायली की म्हशीसारखी बसते, उठायचं नाव घेत नाही. मांडववाला एका पायावर उभा राहून म्हणाला, की खांब उभा करीन, पण जेवणाची पंगत बसेल तेव्हा खांबही बसेल. दोनशे माणसांच्या डोक्यावर कापड पडलं तर त्याचं नाव जाईल. दुसरी जागा बघा, नाहीतर दुसरा मांडववाला बघा.

मग धाकली जागा शोधत फिरली. शाळेचं पटांगण मागितलं, तर मास्तर म्हणाले परीक्षा आहेत. गावातला चौक नळ टाकायला म्हणून खणून ठेवलेला, त्यात शेळ्या पडत होत्या. तारीख पुढं ढकलावी तर नवरा मुलगा लांब गावी ट्रक चालवायचा, त्याला सुट्टी मिळाली होती चारच दिवसांची. शेवटी व्याह्यांनीच निरोप धाडला, की अडचण असेल तर लग्न आमच्या दारात लावू. निरोप गोड होता, पण धाकलीला त्यातलं बी दिसलं. आज त्यांच्या दारात लग्न लावलं, की उद्या लेकीच्या प्रत्येक घासाला ऐकवणार, तुझ्या आईबापाला चार हात कोरडी जमीन मिळाली नाही.

आणि कोरडी जमीन होती. तेच तर दुखणं होतं.

दारात उभं राहिलं की समोर दिसायची. चिखलाच्या पलीकडं बांध, बांधाच्या पलीकडं थोरलीचं खळं. सपाट, टणक, तळहातासारखं. थोरली म्हणजे धाकलीची जाऊ, घड्याळाच्या वारलेल्या भावाची बायको. दोघींत सात वर्षं शब्द नव्हता. झालं होतं असं, की घड्याळानं पाळी घेतली की पाणी जुन्या बांधावरून थोरलीच्या खळ्यात शिरायचं. एका सुगीत तिचं धान्य भिजलं. नवरा नुकताच गेलेला, भांडायला मागं कुणी नाही. तिनं एकटीनं मातीच्या पाट्या वाहिल्या, बांध कमरेएवढा उंच केला आणि चांगला रुंद केला. तो रुंद झाला तो धाकलीच्या बाजूला. हातभर जमीन खाल्ली, असं धाकली म्हणाली. थोरली काय म्हणाली ते तिनं ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून त्या बांधाला तिनं इतक्या शिव्या घातल्या होत्या, की एवढं खत घातलं असतं तर बांधावर ऊस आला असता.

आवतणाच्या यादीत साठ घरं होती. थोरलीचं नव्हतं. लेकीनं एकदाच विचारलं होतं, "मोठ्या आईला?" आणि धाकलीनं भांडं जरा जोरात आपटलं होतं. लेकीनं परत विचारलं नाही. पण परवापासून ती नीट जेवतही नव्हती.

लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा घड्याळ हळूच म्हणाला, "पाण्यावर काठी मारली म्हणून पाणी तुटत नाही. मी जाऊन विचारतो वहिनीला."

गेला. बांधापर्यंत गेला, तिथं एक दगड उचलून इकडचा तिकडं ठेवला आणि परत आला. म्हणाला, ती झाडत होती, कामात होती.

धाकलीनं त्याच्याकडं बघितलं नाही. दाराकडं बघितलं, चिखलाकडं बघितलं. पुढं गाळ, मागं व्याही, वर तारीख. देवाला दोन माणसं एकत्र आणायची असली, की तो आधी त्यांच्या सगळ्या वाटा बुजवतो आणि नको असलेली तेवढी एक उघडी ठेवतो. ती उठली. कालव्यामागून ओढ्यातून जाणारी लांबची वाट होती, पण ओढ्यालाही तेच पाणी उतरलेलं. उरला बांध. सात वर्षांत ज्यावर तिनं पाय ठेवला नव्हता तो. ती त्याच्यावरून अशी चालत गेली, जशी दुसऱ्याच्या अंथरुणावरून चालतेय.

थोरली खळ्याच्या मधोमध उभी होती, हातात खराटा. सगळं खळं झाडून लखलखीत केलेलं. एका कडेला गोवऱ्या, कडबा, मोडकी तिफण असं सगळं हलवून रचून ठेवलेलं.

धाकली खळ्याच्या कडेला थांबली. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, सगळं विसरलं. "आक्का, लेकीच्या लग्नाला यायचं," एवढंच आलं तोंडातून.

"आवतण आहे का जागा मागतेस?"

धाकलीची मान खाली गेली. "दोन्ही."

थोरलीनं खराटा खाली ठेवला. "आधी आवतण म्हणालीस, बरं केलंस. उलटं म्हणाली असतीस तर परत पाठवणार होते."

"खळं झाडलंय तुम्ही."

"परवाच झाडलंय. रोज झाडतेय."

धाकलीनं मान वर केली. हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे पाणी सोडताना दिसलं होतं तुम्हाला?"

"डोळे आहेत मला."

"आणि एक हाक मारली नाही? एका हाकेचं काम होतं आक्का. त्यांनी लगेच पाट बांधला असता."

"बांधला असता," थोरली शांतपणे म्हणाली. "तुकडा कोरडा राहिला असता. मांडव तुझ्या दारात पडला असता. आणि मी इथून, या बांधाच्या आडून, माझ्या मांडीवर वाढलेल्या पोरीचं लग्न बघितलं असतं. तोंड उघडलं होतं गं हाक मारायला. मग म्हटलं, जाऊ दे पाणी."

धाकलीला राग यायला हवा होता. तिनं तो शोधलाही. पण आत हात घातला तर बोटांना दुसरंच काही लागलं. साठ घरांच्या यादीतून एक घर तिनं स्वतःच्या हातानं गाळलं होतं, आणि घड्याळानं निदान विसरून पाणी सोडलं होतं. तिनं तर जाणूनबुजून आवतण अडवलं होतं.

"चिखल तुमचा, म्हणजे," ती म्हणाली.

"अर्धा माझा, अर्धा तुझा. वाटणी बरोबर आहे. आणि एक सांगून ठेवते. मांडववाला म्हणेल, सामान आणायला बांध फोडा. बांधाला कुदळ लागली तर लग्न इथं नाही."

"मग दोनशे माणसं यायची कुठून?"

"बांधावरून. रस्त्यापासून इथपर्यंत कोरडी वाट तेवढीच आहे. आवतण दिलेल्या घरांना सांगून ये, की बांधावरून या."

आणि धाकलीला ते करावं लागलं. ज्या ज्या दारात सात वर्षं तिनं त्या बांधाची गाऱ्हाणी सांगितली होती, त्या त्या दारात जाऊन तिनं सांगितलं, की बांधावरून या, चांगला रुंद आहे. लोक ऐकून घेत आणि पदराआड हसत. चांभाराच्या म्हातारीनं तर मुद्दाम दोनदा विचारलं, "कुठला गं बांध? तोच का?"

"तोच," धाकली म्हणाली. दुसऱ्यांदाही म्हणाली.

लग्नाच्या सकाळी दोनशे माणसांच्या स्वयंपाकाचं थोरलं पातेलं न्यायचं राहिलं होतं. घड्याळ मांडवात दोऱ्या आवळत होता. पातेल्याला दोन कड्या. एक थोरलीनं धरली, एक धाकलीनं, आणि दोघी बांधावर चढल्या. डावीकडं थोरलीचं शिवार, उजवीकडं धाकलीच्या तुकड्यातला गुडघाभर चिखल. मांडवाच्या तोंडाशी लेक उभी होती, दोघींकडं बघत. लांबून एवढंच दिसत होतं, की हसतेय का रडतेय ते तिचं तिलाही ठरवता येत नाहीये.

निम्म्या वाटेत थोरली म्हणाली, "जुना बांध असता तर एकजण गाळात असती."

धाकलीनं दहा पावलं पुढं टाकली. हात भरून आला होता, कडी बोटांत रुतत होती. मग न राहवून म्हणाली, "तरी पण हातभर जमीन माझी आहे, आक्का."

"माहीत आहे," थोरली पुढं बघत म्हणाली. "म्हणूनच तर तुला त्या बाजूनं चालवतेय."