उघडी तक्रार

"कोड सांगून टाका ना अक्का," गनी तिसऱ्यांदा म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाची त्याला शिसारी आली.

भिकुबाईने फ्रीजचं दार सताड उघडून धरलं. आत कांदे होते, धान्य पाखडायचं सूप होतं, वरच्या कप्प्यात घडी घातलेली पोती होती. ती म्हणाली, "दोनदाव कोड दिधा तुमले. फ्रीज तं बंदच शे. आते माले कोड मांगू नका."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर गनीला बरं वाटलं असतं.

या कोडची भानगड अशी. कंपनीच्या फ्रीजची तक्रार नोंदवली की ग्राहकाच्या मोबाइलवर चार आकडे येतात. मेकॅनिकने काम केलं, ग्राहकाचं समाधान झालं, की ग्राहकाने ते आकडे त्याला सांगायचे. त्याने ते आपल्या ॲपमध्ये टाकले की तक्रार बंद. ऐकायला किती छान! पण तक्रार अठ्ठेचाळीस तासांत बंद झाली नाही की मेकॅनिकच्या नावापुढे लाल खूण पडते, आणि लागणारा पार्ट यायला तीन तीन आठवडे लागतात. मग मेकॅनिक हात जोडतो. पार्ट परवा येतोय, कोड आज देऊन टाका. गनीने भिकुबाईला हेच दोनदा सांगितलं होतं. दोनदा तिने विश्वासाने आकडे वाचून दाखवले. दोनदा तक्रार बंद झाली, आणि बंद झालेल्या तक्रारीसाठी पार्ट कोण पाठवणार? तिने कंपनीच्या नंबरवर फोन लावला तेव्हा एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, मॅडम, आमच्या नोंदीप्रमाणे तुमचा फ्रीज व्यवस्थित चालू आहे. आपला दिवस शुभ असो. भिकुबाईने तिसऱ्यांदा तक्रार नोंदवली, आणि आज गनी पुन्हा दारात होता.

बरं, हा फ्रीज काही थंड पाणी पिण्यासाठी नव्हता. भिकुबाई गावाची पशुसखी होती. पिंपळनेरच्या दवाखान्यातून शेळ्यांची लस आणायची, थंड ठेवायची आणि पाऊस पडायच्या आत घरोघर जाऊन टोचायची, हे तिचं काम. बचत गटाने त्यासाठीच हा फ्रीज घेतला होता. तो बंद पडला तेव्हा लशीच्या सगळ्या बाटल्या उन्हाने वाया गेल्या आणि तिने त्या खड्ड्यात पुरल्या. पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या नथ्थूच्या तीन शेळ्या लशीवाचून पोट फुगून मेल्या. नथ्थू भांडला नाही, फक्त तिच्या ओट्यासमोरून जायचं बंद केलं. आता दवाखान्याच्या डॉक्टरांनी निरोप धाडला होता की उद्या सकाळपर्यंत फ्रीज सुरू झाला तर ठीक, नाहीतर या गावाची लस दुसऱ्या गावाला देऊन टाकू.

गनीने फोन काढला. घरात नेटवर्क नव्हतं. नेटवर्क होतं गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी. आणि टाकीपाशी ॲप उघडलं की ते आधी पाच-सहा वेळा म्हणायचं, तुम्ही ग्राहकाच्या घरी नाही, काम सुरू करता येणार नाही. घरी जावं तर नेटवर्क नाही, नेटवर्क धरावं तर घर नाही. ज्या कुणी हे बनवलं त्याला एकदा मे महिन्यात या रस्त्यावर अनवाणी फिरवायला हवं होतं. सव्वीस वर्षं फ्रीज उघडणाऱ्या माणसाला रोज सकाळी कंपनीचा टी-शर्ट घालून आपला फोटो पाठवावा लागे, आणि चेहरा स्पष्ट नाही म्हणून तो दोनदा तरी परत येई.

गनी काही जन्मापासून कंपनीचा माणूस नव्हता. पिंपळनेरच्या बसस्टँडजवळ त्याचं स्वतःचं दुकान होतं. फ्रीजच्या मागे कान लावून तो दुखणं सांगायचा. पण नव्या फ्रीजला दहा वर्षांची वॉरंटी आली, दुसऱ्या कुणी हात लावला तर ती संपणार असं ठरलं, आणि लोक गनीला चहा पाजून काम मात्र कंपनीला सांगू लागले. चार वर्षांपूर्वी त्याने शटर ओढलं आणि टी-शर्ट घातला. बायको जरीना तेव्हा म्हणाली होती, चला, आता उन्हात गिऱ्हाइकाची वाट तरी बघायला नको.

तो टाकीपाशी गेला आणि जळगावला कुंदनला फोन लावला. कुंदन हा त्याचा सुपरवायझर, वयाने त्याच्या मुलासारखा.

"चाचा, कोड देत नसतील तर सोडा ना," कुंदन म्हणाला. "कारणांच्या यादीत खाली बघा. 'ग्राहकाच्या घरची वायरिंग सदोष.' त्याला कोड लागत नाही."

"वायरिंग चांगली आहे. मी स्वतः मीटर लावून बघितली."

"मग काय झालं? तुम्हाला कुठं कोर्टात उभं राहायचंय?"

"त्याने त्यांची वॉरंटी जाते."

"आणि पाचपर्यंत तक्रार बंद झाली नाही तर तुमचा आयडी जातो, म्हणजे कामच जातं. मी काही करत नाही चाचा, सिस्टीम करते."

गनीने फोन बंद केला. सिस्टीम करते! हल्ली कुणीच काही करत नाही. लाल खूण सिस्टीम करते, आयडी सिस्टीम घालवते, खोटं सिस्टीम लिहायला लावते. शेळ्या तेवढ्या आपापल्या मरतात. टाकीच्या सावलीत उभा राहून त्याने एक सणसणीत शिवी हासडली, पण ती नेमकी कुणाला दिली हे त्यालाही सांगता आलं नसतं. कुंदनला द्यावी तर तो पोटासाठी खुर्चीवर बसलेला. कंपनीला द्यावी तर तिला तोंड नाही. फिरून फिरून ती शिवी त्याच्यापाशीच परत येत होती, कारण एक गोष्ट त्याने कुणालाही सांगितलेली नव्हती.

परत आल्यावर ती त्याने भिकुबाईला सांगितली. बोर्डावरचा एक रिले, कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा छोटासा स्विच, जळाला आहे, बाकी सगळा फ्रीज ठणठणीत आहे. हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तसला रिले तेव्हाही त्याच्या पेटीत होता आणि आजही आहे. तासाभराचं काम. पण कंपनीचा नियम होता की बोर्ड दुरुस्त करायचा नाही, सील तोडायचं नाही, नवा येईपर्यंत थांबायचं.

भिकुबाई त्याच्या पेटीकडे वळली.

"मंग काबरं नही करं?"

"घाबरलो अक्का."

गनीने तिला पुढचंही सांगितलं. पाचपर्यंत तक्रार बंद झाली नाही तर माझं काम जातं. आता मी सील तोडलं तर कंपनी वॉरंटी मानणार नाही. पुढे काही झालं तर ते हात वर करतील. विचार करून सांगा.

भिकुबाईने कांदे सुपात काढायला सुरुवात केली. "त्या वारंटीमा लस ठेवता येस का?" ती म्हणाली.

गनीने फ्रीज भिंतीपासून ओढला, मागचं झाकण खोललं आणि सील कापलं. सोल्डरिंगची गन तापली. चार वर्षांत ती त्याने घरच्या रेडिओपलीकडे कशालाही लावली नव्हती. पण हात काम विसरला नव्हता. तासाभराने कॉम्प्रेसरने खाकरल्यासारखा आवाज केला आणि घुमायला लागला. भिकुबाईने चहा केला. दवाखान्याने दिलेला तापमानाचा काटा तिने आत ठेवला होता. साडेचारला तो आठ अंशांच्या खाली, लशीला चालेल इतका उतरला.

तिने डोळ्यांनी दोनदा खात्री केली, मग कनवटीचा मोबाइल काढला आणि लांब धरून बघू लागली. "लिखा गनीभाऊ. सात..."

"नका सांगू."

तिला वाटलं तो रुसला. ती म्हणाली, पाच वाजत आले, तुम्हीच म्हणाला ना तुमचं काम जाईल म्हणून. आता फ्रीज चालू झाला, आता कोड द्यायला माझी ना नाही.

"फ्रीज कंपनीने चालू केला नाही अक्का. आधीचे दोन कोड मी खोटं बोलून घेतले. हा तिसरा घेतला तर ते दोन्ही खरे ठरतील. नथ्थूच्या शेळ्या मेल्या तेव्हाही फ्रीज चालू होता, असंच कागदावर राहील. तक्रार खरी आहे तुमची. ती उघडी राहू द्या."

"पन तुमनं काम?"

गनीने पेटी उचलली. लस ठेवताना बाटल्या मागच्या भिंतीला टेकू देऊ नका, गोठतील, एवढं सांगून तो मोटारसायकलवर बसला. टाकी आली तसा खिशात फोन थरथरला. तो थांबला नाही.

दुकानाचं शटर त्याने पुन्हा उघडलं आहे. वॉरंटीच्या बाहेरचे फ्रीज असतात किती? तो कूलरच्या मोटारी बांधतो, मिक्सर दुरुस्त करतो, दुपारचा रिकामा बसतो. जरीना संध्याकाळी गल्ला दोनदा मोजते. त्याच्या जागी आलेला माणूस दोनदा भिकुबाईकडे कोड मागायला गेला आणि हात हलवत परत आला.

आता भिकुबाई टाकीवर पाण्याला गेली की मधूनच तिला कंपनीचा फोन येतो. तीच गोड आवाजाची मुलगी. मॅडम, तुमचा फ्रीज चालू आहे का? चालू आहे. मग कृपया कोड सांगता का?

परवा भिकुबाई म्हणाली, "सांगस ना. पयले लिखी ठेव, फ्रीज गनीभाऊनी दुरुस्त करा. त्यासनं नाव लिखं का मंग सांगस."

पलीकडे थोडा वेळ नुसती बटणं वाजली. मुलगी म्हणाली, "मॅडम, तसं लिहायला इथे जागा नाही."

"मंग राहू दे," भिकुबाई म्हणाली. तिने हंडा घरी नेऊन ठेवला, फ्रीजमधून लशीची बाटली काढून बर्फाच्या डब्यात घातली आणि ती नथ्थूच्या उरलेल्या शेळ्यांकडे निघाली.