दहा मिनिटांचा उजेड

पद्मिनीबाईंना संशय आला तो खाटेवरून.

नागपूरहून अमेरिकेत वेस्ट विंडसरला मुलाकडे येऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. सून नेत्रा किडे-अळ्यांवर संशोधन करणारी. तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "आई, बेसमेंटमधल्या कोपऱ्यातल्या खोलीत तेवढं जाऊ नका. लॅबमधल्या रूमची दुरुस्ती चाललीय, म्हणून माझं काम इथे आणलंय." एवढंच. का जायचं नाही, गेलं तर काय होईल, काही नाही. आणि 'जाऊ नका' म्हटलं की पद्मिनीबाईंचे पाय नेमके तिकडेच वळत. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. बाहीत लपवलेली कॉपी त्या वर्गाच्या दारातून ओळखत. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण नजर काही निवृत्त झाली नाही.

दाराला कुलूप नव्हतं. आत फळ्यांवर जाळीचे डबे, डब्यांत ओकची पानं आणि पानांवर बोटाएवढ्या हिरव्या अळ्या. आणि भिंतीला लागून एक घडीची खाट, तिच्यावर उशी आणि नीट घडी घातलेली रजई. अळ्यांकडे पद्मिनीबाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. उशीला मात्र वाकून वास घेतला. खोबरेल तेल, नेत्राच्या केसांचं! म्हणजे नेत्रा इथे झोपत होती. आणि शंतनू वर एकटा.

त्या रात्री जेवताना त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. शंतनू त्यांचा एकुलता एक. संसार मोडायला आलाय आणि आईला पत्ता लागू नये म्हणून दोघं समोर गोड हसतायत, असं त्यांनी मनात पक्कं करून टाकलं. विचारायचं? छे! विचारलं की चोर सावध होतो, हे त्यांना शाळेने शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पाळत सुरू झाली. निमित्तही घरचंच सापडलं. दिवेलागणीला घरातली एकही खोली अंधारी ठेवायची नाही, न्हाणीघरसुद्धा नाही, हा त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेला नेम. नागपुरात तो चाळीस वर्षं चालला, मग अमेरिकेने काय घोडं मारलं होतं? रोज सातला देवापाशी दिवा लावायचा, मग सगळ्या खोल्यांतले दिवे दहा मिनिटं लावायचे. शेवटी कोपऱ्यातली खोली. तिथे दुपारी तीनपासूनच काळोख असे. बटण दाबायचं, रजईची घडी निरखायची, उशी चाचपायची. नेत्रा साडेसातला ऑफिसातून येई, शंतनूची गाडी तर आठाची, आणि शनिवार-रविवारी दोघं त्या वेळी खरेदीला बाहेर. एकदा त्यांनी रजईच्या घडीत तुरीच्या डाळीचा दाणा ठेवला. चार दिवस दाणा जागचा हलला नाही. पाचव्या दिवशी तो खाली पडलेला दिसला आणि पद्मिनीबाई जिन्यातच बसल्या. बाईंना पुरावा मिळाला होता, आणि तो मिळाल्याचं दुःखही तेवढंच झालं होतं.

त्या खोलीत आणखी एकजण येत असे. केया, नेत्राच्या मैत्रिणीची मुलगी. इथेच जन्मलेली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षात. रोज दुपारी दोनला ती बाहेरच्या दाराने यायची, अळ्यांना ताजी पानं घालायची आणि जायची. पद्मिनीबाईंना "हाय आजी" म्हणायची. कानात सदा ती गाणी ऐकायची पांढरी बोंडं. पद्मिनीबाईंना ती फारशी पसंत नव्हती. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऑक्टोबरात अळ्यांनी स्वतःभोवती कोष विणले. नेत्रा खूश होती. मग नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी ती खालून वर आली. ओंजळीत एक मोठा पतंग होता, पंख अजून ओले. बाहेर हिरवळीवर दहिवर गोठलेलं होतं.

"एकोणीस बाहेर आलेत," ती शंतनूला म्हणाली. "उरलेलेही येतील. सगळं संपलं रे."

ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून रडली. सहा वर्षं ती हे पतंग जोपासत होती. यांतले काही कोषातच दोन-दोन हिवाळे झोपून काढतात. अशाच झोपाळूंची पोरं निवडत निवडत तिने हा वंश तयार केला होता. आता बाहेर ना पानं, ना ऊब. आठवड्याभरात सगळे मरणार होते.

"आई, तुम्ही खाली गेला नव्हता ना कधी?" तिने डोळे पुसत विचारलं.

पद्मिनीबाईंच्या मनात पतंग नव्हतेच. आपली पाळत उघडी पडते की काय, हीच धास्ती.

"मी कशाला जाऊ?" त्या म्हणाल्या. आणि जीभ थांबेना. "ती पोरगी जाते ना रोज. तिचं लक्ष कुठे असतं? दिवे तसेच टाकून जाते, मी पाहिलंय."

पाहिलं काहीच नव्हतं. पण शब्द असा ठामपणे बाहेर पडला की त्यांना स्वतःलाही तो खरा वाटला.

रविवारी नेत्राने केयाला बोलावून घेतलं. पद्मिनीबाई ओट्यापाशी चहा गाळत होत्या. केया टेबलाशी बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून.

"नेत्रामावशी, आय स्वेअर, मी लाइटला टच पण नाही केलं. टायमरवरच ठेवलं होतं."

"मग ते जागे कसे झाले? तू दिवे टाकून जातेस, आईंनी पाहिलंय." नेत्राचा आवाज चढला. "तुला मी किती वेळा एक्स्प्लेन केलं होतं? त्यांना थंडी कळायच्या आधी दिवस कळतो. पहाटे पाच ते दुपारी तीन उजेड, मग सलग अंधार. मोठी रात्र दिसली की अळी ठरवते, हिवाळा येतोय, झोपायचं. पण मधेच संध्याकाळी पाच-दहा मिनिटं जरी उजेड पडला ना, तरी तिला वाटतं दिवस अजून संपलाच नाही. समज, सात वाजता लाइट लागला, तर तिच्या हिशेबी पहाटे पाच ते संध्याकाळी सात असा अख्खा दिवस. जून महिना! मग ती कशाला झोपेल? कोणीतरी रोज लाइट लावलाय, केया. एकदा चुकून लागून असं होत नाही. अशा वेळी मी तुला पीएचडीसाठी रेकमेंडेशन कसं देऊ?"

पद्मिनीबाईंनी गाळणं खाली ठेवलं.

रोज. सात. दहा मिनिटं. बाहीतली चिठ्ठी या वेळी त्यांच्याच बाहीत होती. गप्प राहिलं तर कुणाला कधी कळणारही नव्हतं. केयाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. पद्मिनीबाईंना स्वतःची अशी शिसारी कधी आली नव्हती.

"मी लावत होते," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीला. रोज."

नेत्रा वळली. "आई? पण तुम्ही तर..."

"खोटं बोलले. नेमाचं निमित्त होतं. मी ती खाट बघायला जायचे. तू तिथे झोपतेस ना? तुमचं दोघांचं बिनसलंय असं वाटलं मला."

"अहो आई, शंतनू घोरतो!" नेत्रा ओरडलीच. "फार झालं की मी खाली जाते, लाइट न लावता. सगळ्या जगाला माहितीये. एकदा विचारायचं तरी!"

शंतनूचे वडीलही घोरत. त्यांच्यापायी पद्मिनीबाई स्वतः वीस वर्षं माजघरात झोपल्या होत्या. कुणालाही हसू आलं नाही.

केयाने नाक पुसलं. ती पद्मिनीबाईंकडे बघत होती.

"आजी, यू सेड मी दिवे टाकून जाते? तुम्ही बघितलं होतं?"

"नाही. नव्हतं बघितलं."

केया उठली. बाहेरच्या दाराची किल्ली तिने टेबलावर ठेवली. नेत्राही उठली, "केया, थांब, सॉरी, मी आज रात्रीच लेटर लिहिते, खूप छान लिहिते," म्हणत तिच्या मागे गेली.

"लेटर नको मला," केया दारातून म्हणाली. "आजी मला नीट ओळखत पण नाहीत. पण तू मला लहानपणापासून ओळखतेस, मावशी. मी लाइट लावला नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

केया गेल्यावर नेत्रा उघड्या दारात उभी राहिली. घरात गार वारा शिरत होता, पण दार लाव म्हणायचा धीर पद्मिनीबाईंना झाला नाही.