मी विचारतो, ती ‘नाही’ दाबते

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. काचेला तडा, पाठीला मेंढीच्या लोकरीचा वास. ॲरिझोनाच्या लाल माळावर देसबा नावाच्या, नवाहो या आदिवासी जमातीतल्या विणकरणीच्या मागाशेजारी मी खिळ्याला लटकतो. दवाखान्याने माझ्यात एक ॲप घातलं. देसबाने रोज साखर नोंदवायची, मग मी विचारायचं, “हिरड्यांतून रक्त येतं का?” मधुमेहात हिरड्या बिघडल्या की साखर चढते, अन् साखर चढली की हिरड्या आणखी बिघडतात. उत्तर थेट दवाखान्यात जातं.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! “माझा डॉक्टर खिळ्यावर लटकतो,” असं ती शेजारणींना सांगायची.

पण पुढे मला धडकीच भरली. ब्रश करून ती थुंकायची ते लाल असायचं, तरी बोट मात्र ‘नाही’वर. साखर चढत चालली. गाल सुजला. मटणाचा रस्सा ताटात तसाच राहू लागला. आणि मी? मला विचारता येतं, ओरडता येत नाही हो!

एकदा तिची लेक शांडीन शहरातून आली. माझ्यातले आकडे बघून तिचा चेहराच उतरला.

“आई, खरं सांग. रक्त येतं ना?”

“गप गं! वाईट तोंडातून काढू नये, ते चालून येतं. तुझी मावशी म्हणाली पाय दुखतो. काय झालं? पाय कापला!”

ती खोटारडी नव्हती, माझ्याइतकीच घाबरलेली होती. इथली जुनी माणसं दुखणं स्वतःच्या नावाने बोलतच नाहीत.

शांडीन थोडा वेळ लोकर पिंजत बसली. मग सहज म्हणाली, “समज, एक बाई आहे. तिच्या हिरड्या दुखतात. ती काय करेल गं?”

देसबाचे हात थांबले.

“ती बाई उशीवरचं रक्त बघते,” ती हळूच म्हणाली, “आणि लेकीला कळू नये म्हणून धुऊन टाकते.”

शांडीनला रडूच फुटलं. “चल, त्या बाईला दवाखान्यात नेऊ.”

“चल. पण घोंगडी घे. गाडीत थंडी वाजते तिला.”

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पू काढला. “अजून उशीर झाला असता तर...” म्हणता म्हणता त्यांनी देसबाकडे पाहिलं आणि पुढचं बोलल्याच नाहीत.

आता माझी बॅटरी टिकत नाही. नवा फोन यायचाय. अडगळीत पडायला मी भीत नाही. भीती एकच आहे. तो पुन्हा सरळ तिच्याच हिरड्यांचं विचारेल, आणि देसबा ‘नाही’ दाबेल. मित्रांनो, त्याला कुणीतरी सांगा रे, आधी त्या बाईची चौकशी कर.